सहा पिनांचं सीपी२१०२ मॉड्यूल: साठ बोर्डांनंतरचा अनुभव

नऱ्ह्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. विहिरीवरच्या मोटरचे कंट्रोलर बनवतो, आत एसटीएम३२एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप. साठ बोर्ड द्यायचे होते आणि पीसीवरून चिपमध्ये प्रोग्रॅम टाकायच्या जुन्या यूएसबी-सिरीयल मॉड्यूलचा (पीसीचं यूएसबी चिपच्या सिरीयल पिनांना जोडणारा छोटा बोर्ड) संशय आला. जंपर ३.३ व्होल्टवर, तरी टीएक्स (डेटा पाठवण्याच्या) पिनला मीटर लावला तर ४.८! जंपर फक्त पुरवठ्याचा व्होल्टेज बदलत होता, सिग्नलचा नाही. चिपचा डेटा घेणारा पीए१० हा पिन ५ व्होल्ट सोसतो, म्हणून चिपा वाचल्या.

तडक पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, तपकीर गल्ली गाठली. काउंटरवरच्या दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, चार पिनांचं स्वस्त आहे, पण तुम्ही सहाचं न्या. त्याला डीटीआर आहे." (डीटीआर म्हणजे पीसीला चालू-बंद करता येणारा जादा पिन.) दोनशेच्या आत मिळालं, आणि सल्ला अगदी योग्य निघाला.

या मॉड्यूलवरच्या सीपी२१०२ चिपचा सिग्नल मुळातच ३.३ व्होल्टचा, त्यामुळे ती धास्ती गेली. डीटीआरपासून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून रिसेटला जोडला. आता चिपने कशातून सुरू व्हायचं ते ठरवणारा बूट०चा जंपर १ वर टाकायचा, बाकी रिसेट पीसीच करतो आणि चिपमधला कारखान्यातूनच आलेला बूटलोडर (नवा प्रोग्रॅम उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) जागा होतो. आपण ७एफ (हेक्समध्ये) हा बाइट पाठवायचा. त्यावरून तो बॉड रेट (डेटाचा वेग) ओळखतो आणि उलट ७९ पाठवतो.

पहिल्या संध्याकाळी मात्र ७९ काही येईना. वायरी बदलल्या, आरएक्स-टीएक्स उलटे करून पाहिले, दोन तास गेले. शेवटी कळलं: बूटलोडरला इव्हन पॅरिटी (चूक पकडायला प्रत्येक बाइटला जोडलेला जादा बिट) लागते आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये पॅरिटीच नव्हती. ती एक ओळ बदलली आणि पडद्यावर ७९ उमटला, तेव्हा इतकं हायसं वाटलं! ११५२०० वर ४० केबीची फाइल लिहून, परत वाचून, ताडून दहा-बारा सेकंदांत मोकळी. साठही बोर्ड दीड दिवसात झाले. मध्येच लाइट गेली तरी चिंता नाही. हा बूटलोडर वेगळ्या मेमरीत असतो, पुसला जात नाही. पुन्हा सुरुवात करायची.

खोट एकच: पिनांची नावं खालच्या बाजूला छापली आहेत. ब्रेडबोर्डवर बसवलं की दिसत नाहीत, म्हणून मी वरून मार्करने लिहून घेतली.

एफ१०३च्या या बूटलोडरला फक्त यूएसएआरटी१ (चिपचा पहिला सिरीयल पोर्ट) कळतो. थेट यूएसबीवरून फर्मवेअर (चिपचा प्रोग्रॅम) टाकायचं असेल तर एफ४०७सारखी चिप घ्या, मग हे मॉड्यूल लागणारच नाही. एफ१०३वाल्यांनी मात्र सहा पिनांचंच मागा. मी दुसरं आणून ठेवलंय.