म्हापशातली भाड्याची बुलेट आणि १९६१ चा रस्ता: साडेतीन स्टार

पुण्याहून मावसभाऊ आलेला, त्याला बीच वगैरे काही नको होतं. त्याला गोवा मुक्तीची लढाई जिथून झाली तो रस्ता बाईकवरून बघायचा होता, गाईड नको, टूर नको, आपले आपण. घरात एकच ॲक्टिव्हा आणि आम्ही दोघंही खाऊनपिऊन सुखी, म्हणून म्हापशातून बुलेट, म्हणजे क्लासिक ३५०, दोन दिवसांसाठी घेतली. दुकानाचं नाव लिहीत नाही, एक तक्रार आहे आणि पोरं चांगली आहेत.

दिवसाला हजार, डिपॉझिट दोन हजार, लायसनची झेरॉक्स. नंबरप्लेट काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं, हे बघूनच घ्या, पांढऱ्या प्लेटची गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर सरळ नको म्हणा, पोलिसांनी अडवलं की सुट्टी तुमचीच जाते. पोराने चेन बोटाने वर उचलून किती ढिली आहे ते दाखवलं, क्लच मला दोनदा दाबायला लावला, मागचा दिवा पेटतो का ते स्वतः मागे जाऊन बघितलं. एवढं कोण करतं! हेल्मेटं मात्र दोन्ही कुबट, रुमाल बांधूनच घातली. टाकीत पेट्रोल पंपापर्यंत पोचेल एवढंच, ते तर ठरलेलंच. दुकानातून मिळणारा नकाशा बघूच नका, त्यात फक्त बीच आणि कॅसिनो.

आता गंमत अशी की भारतीय सैन्यातल्या ब्रिगेडियर सगत सिंगांच्या ५० पॅरा (छत्रीधारी) ब्रिगेडची मुख्य तुकडी, २ शीख लाईट इन्फंट्री आणि रणगाडे, १८ डिसेंबरला सकाळी दोडामार्गकडून आत शिरली, म्हणजे खरी सुरुवात तिथून. आणि दोडामार्ग महाराष्ट्रात! दुकानदाराने आधीच बजावलेलं, ‘गाडी शिमेपलतडीं व्हरूं नाका,’ म्हणजे सीमेपलीकडे नेऊ नका. मग चेकपोस्टच्या अलीकडे थांबलो, भावाने एक फोटो काढला आणि तिथूनच गाडी वळवली. हिरमोड झाला थोडा, पण नियम आधी सांगितलेला त्यामुळे स्टार कापत नाही.

अस्नोड्याला मागचं टायर बसलं. फोन केला तर चाळीस मिनिटांत पोरगा पंक्चरवाल्यालाच मागे बसवून घेऊन आला, एक पैसा जास्त मागितला नाही, एक स्टार फक्त ह्याचा. तोवर आम्ही पुलावर उभे. पोर्तुगीजांनी माघार घेताना अस्नोडा, शापोरा आणि आमच्या डिचोलीचे पूल उडवले, १८ तारखेला उजाडायच्या आधीच. आजी सांगायची, फळीवरची भांडी वाजली आणि आजोबा म्हणाले गडगडलं, डिसेंबरात कसलं गडगडतं! भाऊ हे ऐकून कितीतरी वेळ खाली पाण्याकडेच बघत होता.

पुढे थिवी, मग बेती. संध्याकाळी पाचच्या सुमारास फौज इथे पोचली आणि समोर पणजी दिसत असताना रात्रभर नदीच्या अलीकडेच थांबली. आपण फेरीच्या रांगेत पाच मिनिटं उभे राहिलो तरी वैतागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नदी ओलांडून शहरात शिरताना सगत सिंगांनी लोखंडी टोप काढून जवानांना पॅराच्या मरून रंगाच्या टोप्या घालायला लावल्या. सूर्यास्त आग्वाद किल्ल्यावर करा. आपल्या सैन्याचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सहगल तिथेच शहीद झाले, तिथल्या जेलचं आता म्युझियम झालंय आणि बहुतेक जण दीपगृहासमोर सेल्फी काढून परत फिरतात.

दुसऱ्या दिवशी उसगाव, फोंडा, बाणस्तारी. ह्या ब्रिगेडच्या बाकी तुकड्यांच्या वाटा: उसगाव-फोंडा ही २ पॅरा मराठाची, बाणस्तारीची १ पॅरा पंजाबची. नकाशा दोघांनी मिळून रात्रीच करून ठेवा, वाटेत पाट्या मिळतील ह्या भरवशावर राहू नका. नंतर दोनापावला, बांबोळी. ‘आफोन्सो दि आल्बुकर्क’ हे पोर्तुगीज जहाज आपल्या नौदलाच्या बेटवा आणि बियास ह्या युद्धनौकांच्या तोफांसमोर हरून बांबोळीच्या किनाऱ्याला लागलं, पण बघायला तिथे काही नाही, भाऊ निराश. दाबोळीला तर थांबायचंच नाही, १२ कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकलेली धावपट्टी आज विमानतळाचीच आहे. अंजदीव बेटावर आपले ७ नौसैनिक मारले गेले, पण ते कारवारच्या बाजूला आणि नौदलाच्या ताब्यात, तेव्हा प्लॅनमधून सोडून द्या.

वास्कोत मात्र थोडा वेळ ठेवा. मुरगाव बंदरात ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘एरेनफेल्स’ ह्या जर्मन जहाजावर कलकत्त्याच्या राखीव दलातल्या ब्रिटिश गड्यांनी छापा घातला, हे जहाज चोरून वायरलेसवरून पाणबुड्यांना खबर देतं असा संशय होता आणि पोर्तुगाल तटस्थ असल्याने सैन्य उघडपणे पाठवता येत नव्हतं. पोटं सुटलेले, पन्नाशीकडे झुकलेले लोक कोचीनच्या बाजूने एका जुन्या बार्जमधून आले! भावाला हे १९६१ पेक्षाही जास्त आवडलं, बंदराकडे तोंड करून दोन चहा झाले.

गाडी परत देताना तक्रार. सायलेन्सरवर एक ओरखडा होता, मी सुरुवातीला फक्त टाकीचा व्हिडीओ घेतलेला, मालकाने तीनशे कापले. गाडी घेतल्यावर दोन तासांत काढलेल्या भावाच्या दोडामार्गच्या फोटोत तोच ओरखडा दिसत होता. दाखवल्यावर दोनशे परत आले, उरलेले शंभर ‘धुवायचे’ म्हणाले. गाडी धुवून तर मीच नेली होती.