‘पदवीनंतर घरबसल्या बी.एड., पहिलीपासूनच्या शिक्षक व्हा’ : या जाहिरातीमागचा व्यवहार

पदवी घेतलेल्या आणि प्राथमिक शाळेत शिकवण्याची इच्छा असलेल्या मुलींपर्यंत, विशेषतः मराठवाड्यातील तालुक्यांच्या गावी, एक जाहिरात हमखास पोहोचते: नोकरी-घर सांभाळून दूरशिक्षणाने बी.एड. करा, वर्गाला बसण्याची गरज नाही, पहिली ते आठवीच्या शिक्षकपदास पात्र व्हा. या जाहिरातीवरून प्रवेश घेतलेल्यांपैकी मी एक आहे. माझ्याकडून दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने लाखभर रुपये घेतले गेले. पोलिसांकडे दिलेला अर्ज अद्याप चौकशीवर असल्याने प्रवेश देणाऱ्या केंद्राचे, ते चालवणाऱ्याचे आणि विद्यापीठाचे नाव येथे दिलेले नाही. पण हा व्यवहार एका केंद्रापुरता नाही, म्हणून त्याची रीत सविस्तर सांगते.

२०२३ च्या दिवाळीनंतर मी त्या केंद्रात चौकशीला गेले, तेव्हा मला कोणताही बनावट कागद दाखवण्यात आला नाही, आणि फसवणुकीचे सारे बळ यातच होते. परराज्यातील ते विद्यापीठ खरे होते व विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत त्याचे नाव होते. मला दाखवलेला कागद होता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एन.सी.टी.ई.ची, २८ जून २०१८ ची राजपत्रित अधिसूचना. पदवीला किमान पन्नास टक्के गुण असलेला बी.एड. उमेदवार पहिली ते पाचवीसाठीही पात्र धरला जाईल, मात्र नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत त्याने सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स पूर्ण करावा, असे तिच्यात खरोखरच म्हटलेले आहे. “ताई, हे केंद्र सरकारचं राजपत्र आहे, आमच्या घरचा कागद नाही,” असे त्या केंद्राचे संचालक म्हणाले, आणि ते शब्दशः खरे होते.

त्यांनी सांगितले नाही ते एवढेच की ती अधिसूचना त्या दिवशी अस्तित्वात नव्हती. राजस्थान उच्च न्यायालयाने ती नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी देवेश शर्मा प्रकरणात तो निर्णय कायम केला होता. लहान मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण वेगळे असते, बी.एड. हे मुळात वरच्या वर्गांसाठी आहे, आणि म्हणून पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचे डी.एड., हीच योग्य अर्हता, असा त्या निकालाचा आशय आहे. माझा प्रवेश निकालानंतर सुमारे तीन महिन्यांनी झाला. ज्या माणसाचा रोजचा धंदाच बी.एड.चे प्रवेश देण्याचा आहे, त्याला हा निकाल ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. पुढे जे घडले त्यावरून तर तो तारखेसह ठाऊक होता असेच दिसते.

दूरशिक्षणाविषयी शंका विचारली, तेव्हा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे उदाहरण देण्यात आले. आमच्या भागातील कितीतरी गुरुजी जिल्हा परिषदेच्या नोकरीत राहून मुक्त विद्यापीठातून बी.एड. झालेले आहेत आणि त्या पदवीबद्दल कोणाच्या मनात किंतु नाही. पण हे सगळे गुरुजी प्रवेशाच्या वेळी आधीच नोकरीत होते. एन.सी.टी.ई.च्या २०१४ च्या विनियमांनुसार दूरस्थ पद्धतीचे बी.एड. हे प्राथमिक स्तरावरील प्रशिक्षित सेवारत शिक्षकांसाठी, किंवा ज्यांनी आधीच वर्गात बसून मान्यताप्राप्त अध्यापक प्रशिक्षण पूर्ण केले आहे अशांसाठी आहे. या अटीचा नीट विचार केला तर ती जाहिरात मुळातच अशक्य गोष्ट विकते हे ध्यानात येईल: ज्या पदवीधराला प्राथमिक शिक्षक व्हायचे आहे त्याला हा मार्ग बंद आहे, आणि ज्याला तो खुला आहे तो बहुधा आधीच प्राथमिक शिक्षक असतो.

मग माझ्यासारखीला, जिने शाळेत एक दिवसही नोकरी केलेली नव्हती, प्रवेश मिळाला कसा? प्रवेश-अर्ज केंद्राने भरला. माझ्याकडून पदवीची गुणपत्रके, आधार, छायाचित्रे आणि सह्या घेतल्या. अर्जावर मोबाइल क्रमांक व ई-मेल मात्र केंद्राचाच टाकला. विद्यापीठाचा कोणताही संदेश माझ्यापर्यंत थेट येत नव्हता. पुस्तके, स्वाध्याय, परीक्षेचे वेळापत्रक, सर्व काही केंद्रामार्फत. पैसे विद्यापीठाच्या खात्यात भरण्याची सोय नाही असे सांगून ते एका व्यक्तीच्या खात्यावर यू.पी.आय.ने मागवले जात आणि पावती ‘शैक्षणिक सेवा शुल्क’ या नावाने मिळे. विद्यापीठाचे प्रत्यक्ष शुल्क मी भरलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी होते, हे पुढे कळले.

शिक्षक घडवण्याच्या अभ्यासक्रमात शाळेतील सराव हा गाभा असतो. नियमित बी.एड.ला दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढावे लागतात; दूरस्थ विद्यार्थ्यांनाही संपर्कवर्ग आणि सरावपाठ असतातच. केंद्राने यांपैकी काहीही घेतले नाही. “त्याचं आम्ही बघून घेतो,” हे उत्तर प्रत्येक वेळी मिळे, आणि सरावपाठांच्या वह्या बाहेरून लिहून घेण्याचे दर भिंतीवर उघडपणे लावलेले होते.

२०२५ मध्ये संचालकांनी एक नवी मागणी पुढे केली. आता ब्रिज कोर्स सुरू होत आहे, बी.एड.वाल्यांचा पहिली ते पाचवीचा मार्ग मोकळा झाला, नोंदणीसाठी पंचवीस हजार तातडीने भरा. ज्याला निकालच ठाऊक नाही तो ब्रिज कोर्स विकू शकत नाही. हा कोर्स खरा आहे, पण कोणासाठी? सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२४ रोजी केलेल्या खुलाशानुसार, २०१८ च्या त्या अधिसूचनेच्या आधारे ११ ऑगस्ट २०२३ पूर्वी नियमित नेमणूक मिळालेल्या बी.एड. शिक्षकांची नोकरी वाचली, आणि सहा महिन्यांचा हा कोर्स त्यांच्याचसाठी आखला गेला. ज्यांची नेमणूकच झालेली नाही त्यांना तो करता येत नाही.

ही रक्कम भरण्यापूर्वी मी सगळी फाइल नात्यातल्या एका निवृत्त केंद्रप्रमुखांना (म्हणजे शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) दाखवली. त्यांनी कागद उलटसुलट पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “बाळ, तू कोणत्या शाळेत नोकरीला होतीस?” माझे उत्तर ऐकून त्यांनी विद्यापीठाकडून थेट प्रवेश-अर्जाची प्रत मागवायला लावली.

ती प्रत आली तेव्हा त्यात मी परराज्यातील एका खाजगी प्राथमिक शाळेची प्रशिक्षित सहायक शिक्षिका होते. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा सेवेचा दाखला जोडलेला होता, आणि त्यामागे माझ्या नावाचे डी.एल.एड.चे गुणपत्रक. जी पदविका खरोखर मिळवली असती तर मला बी.एड.ची गरजच पडली नसती, तीच माझ्या नावाने खोटी तयार करून बी.एड.साठी वापरली गेली होती.

पैशांचे नुकसान यापुढे दुय्यम ठरते. अशी पदवी घेऊन शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरणारा उमेदवार पडताळणीत सापडला, तर केंद्र बाजूला राहते आणि बनावट दाखल्याचा वापर केल्याचा आरोप उमेदवारावर येतो. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहारात सात हजारांहून अधिक उमेदवारांवर झालेली कारवाई राज्यातील प्रत्येक परीक्षार्थीच्या स्मरणात आहे. त्यामुळे वकिलांच्या सल्ल्याने मी विद्यापीठाला लेखी कळवले की हे दोन्ही कागद माझे नाहीत, मी ते दिलेले नाहीत, आणि या प्रवेशाच्या आधारे मला कोणताही लाभ नको. त्या पत्राची पोच घेऊनच पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणुकीची तक्रार दिली. ठाण्यात सुरुवातीला हा पैशांच्या देवघेवीचा खाजगी वाद ठरवण्याकडे कल होता. अर्जाची प्रत समोर ठेवल्यावर भाषा बदलली.

प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी एकाच वेळी जुळतात का हे पाहावे लागते: विद्यापीठाला मान्यता आहे का, त्या अभ्यासक्रमाच्या दूरस्थ पद्धतीला आहे का, आणि ती अर्हता तुम्हाला हव्या असलेल्या इयत्तांना चालते का. केंद्रवाले पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठळक छापतात आणि उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातच आली असे भासवतात. शिवाय खाजगी विद्यापीठाला स्वतःच्या राज्याबाहेर दूरशिक्षणाचे अभ्यासकेंद्र चालवता येत नाही आणि आयोगाच्या नियमांत अशा केंद्रांची दलाली मुळीच मान्य नाही. तेव्हा परराज्यातील खाजगी विद्यापीठाची पाटी आपल्या तालुक्यात दिसली, तर पुढची चौकशी करण्याचेही कारण उरत नाही. पहिली ते पाचवीसाठी सरळ वाट आजही दोन वर्षांच्या नियमित डी.एल.एड.ची आणि त्यानंतर पात्रता परीक्षेच्या पहिल्या पेपरची आहे. पदवीधरांना बारावीच्या गुणांवर पुन्हा तेथे जाणे कमीपणाचे वाटते, आणि केंद्रवाले नेमक्या याच भावनेवर बोट ठेवतात.

ज्यांचे प्रवेश आधीच झाले आहेत त्यांनी नावनोंदणी क्रमांक घेऊन विद्यापीठाकडून थेट आपल्या अर्जाची व जोडपत्रांची प्रत मागवावी; केंद्राला विचारू नये. २०२४ पासून दूरस्थ प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतः डेब आय.डी., म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढणे आयोगाने सक्तीचे केले आहे, त्यामुळे केंद्राला परस्पर अर्ज भरणे अवघड व्हायला हवे होते. प्रत्यक्षात आमच्या गावातील त्याच केंद्रात यंदा प्रवेश घेणाऱ्या मुलींना मोबाइलवर आलेला ओ.टी.पी. फोनवरून सांगायला लावला जात आहे.