रबाळ्याचा गाळा की भिवंडीचे गोदाम?

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत भाड्याचा गाळा, एक स्टोअरकीपर आणि लागेल तेव्हा बोलावलेले टेम्पो ही एक व्यवस्था. भिवंडीच्या मानकोली-अंजूर पट्ट्यातल्या एखाद्या लॉजिस्टिक्स कंपनीकडे साठवण आणि वाहतूक ठरावीक दराने सोपवून आपण फक्त खरेदी-विक्री पाहणे ही दुसरी. माझा धंदा कारखान्यांना रोज लागणाऱ्या किरकोळ वस्तू पुरवण्याचा आहे: कटिंग व्हील (धातू कापायच्या चकत्या), हातमोजे, चिकटपट्ट्या, केबल टाय, वंगणाचे डबे. वस्तू सुमारे ६००, गिऱ्हाइके वागळे इस्टेटपासून तळोज्यापर्यंत. पहिली व्यवस्था मी ६ वर्षे चालवली आणि दुसरी १४ महिने, त्यामुळे पुढचे मत याच अनुभवापुरते आहे. आपला माल निराळा असेल, तर हिशेबही निराळा निघू शकेल.

सगळे जण भाड्यापासून सुरुवात करतात, म्हणून तेवढे आधी उरकतो. भिवंडी स्वस्त आहे, यात वाद नाही. जकातीच्या काळात मुंबईच्या हद्दीबाहेर माल ठेवून लागेल तसा आत आणण्याची सोय म्हणून तिथली गोदामे वाढली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर जकात गेली, पण तोवर गोदामे, वाहतूकदार आणि हमाल यांचे जे जाळे तिथे जमले होते ते कायम राहिले. मला मिळालेल्या दरांत चौरस फुटाचा फरक जवळजवळ दुपटीचा होता. मात्र कंपनीचे बिल चौरस फुटावर येत नाही. ते पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी चौकटीच्या) जागेवर, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर आणि ऑर्डरमधल्या प्रत्येक ओळीवर लागते, शिवाय दरमहा किमान रक्कम ठरलेली असते. एकाच ऑर्डरमध्ये बारा प्रकारचे चार-चार नग मागणारी गिऱ्हाइके असली की हा हाताळणीचा खर्च भाड्यातली बचत खाऊन टाकतो. माझ्या बाबतीत हे तिसऱ्या महिन्यातच दिसू लागले. तरी मी त्यासाठी गोदाम सोडले नसते, कारण गाळ्यातही स्टोअरकीपरचा पगार, हमाली आणि विजेचे बिल धरले की फरक फारसा उरत नाही.

वाहतुकीचा निकाल तुमची गिऱ्हाइके कुठे आहेत यावर ठरतो. रबाळ्याहून ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांना छोटा हत्ती तासाभरात दोनदा जाऊन येतो. तोच माल भिवंडीहून निघाला, तर मुंब्रा बाह्यवळण आणि शिळफाटा किंवा ठाण्यातून ऐरोली असा फेरा पडतो, आणि ठाणे शहरातून जायचे तर जड वाहनांच्या वेळांचे बंधन सांभाळावे लागते. २०१८ मध्ये मुंब्रा बाह्यवळण दुरुस्तीसाठी बंद होते, तेव्हा या पट्ट्यात वाहतुकीची काय अवस्था झाली होती हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको. याउलट नाशिक, पुणे किंवा वापीकडे माल पाठवायचा असेल, तर लॉजिस्टिक्स कंपनी चार व्यापाऱ्यांचा माल एका गाडीत भरते आणि भाडे वाटले जाते, जे मला एकट्याला कधीच जमले नाही. माझ्या ऑर्डरी बहुतेक जवळच्या आणि लहान असतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिलही (माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद) लागत नाही, त्यामुळे नुसत्या बिलावर टेम्पो निघतो आणि जवळ असण्याचा फायदा आणखी वाढतो.

गाळ्याची उणीव झाकून ठेवणार नाही. सहा वर्षे आमचा साठा एका माणसाच्या डोक्यात होता. गणपतीला तो दहा दिवस गावी गेला की कुठल्या रॅकवर काय आहे हे विचारायला त्याला फोन करावा लागे, आणि त्याच्या गावात नेटवर्क मिळायचे ते फक्त देवळाच्या कट्ट्यावर. शिवाय रेझिनच्या कटिंग व्हीलवर मधल्या धातूच्या कड्यावर वापराची मुदत कोरलेली असते, साधारणपणे ३ वर्षांची. पण सोयीसाठी नवी खोकी पुढे आणि जुनी मागे लागत गेली आणि एका मोजणीत मुदत संपायला आलेले बरेच नग निघाले. भिवंडीत बारकोडमुळे आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर जात असे, आणि त्या बाबतीत त्यांची शिस्त खरोखर चांगली होती.

मग भिवंडी सोडून गाळ्यावर परत का आलो, याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर आवक.

पुरवठादाराची गाडी शुक्रवारी संध्याकाळी गोदामाच्या डॉकला लागते. माल उतरवून आवकेच्या जागेत ठेवला जातो, चलनावर ‘मोजणीच्या अधीन’ असा शिक्का मारून सही दिली जाते आणि गाडी निघून जाते. गाडीवाल्याच्या दृष्टीने माल पोहोचला, पुरवठादाराच्या दृष्टीनेही पोहोचला. फक्त संगणकात तो नाही. त्याची मोजणी आणि नोंद मंगळवारी होते, दिवाळीच्या सुमाराला तर एकदा सहा दिवस लागले. मधल्या काळात माझ्या पडद्यावर साठा शून्य दिसतो. रबाळ्याचे गिऱ्हाईक पन्नास व्हील मागते, तेव्हा विक्रीवाला नाही म्हणतो, आणि खरेदी पाहणारा मुलगा शून्य पाहून पुन्हा ऑर्डर टाकतो. त्याचा दोष नव्हता, मी त्याला साठा पाहूनच खरेदी करायला शिकवले होते. असे दोनदा झाले, आणि दुसऱ्या वेळी १४ इंची व्हीलचा आठ महिन्यांचा साठा माझ्याकडे जमा झाला.

यात पैशाचा आणखी एक पदर आहे, जो करार करताना माझ्या लक्षात आला नव्हता. माझे बरेच पुरवठादार लघुउद्योगात मोडणारे उत्पादक आहेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे त्यांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ही मुदत टळली की तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजावटीला मिळत नाही. ही मुदत माल प्रत्यक्ष पोहोचल्यापासून धावते, संगणकात चढल्यापासून नव्हे. मालाबद्दल लेखी हरकत घ्यायची ती पोहोचल्यापासून १५ दिवसांत. त्यातले चार दिवस तो शिक्का मारून पडलेला असेल आणि मग तीन खोकी कमी निघाली, तर पुरवठादार म्हणतो आमच्याकडून पूर्ण निघाला, गाडीवाला म्हणतो तुमची सही आहे, गोदाम म्हणते आम्ही मोजणीच्या अधीन घेतला. तिघेही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर असतात आणि फरक माझ्या खात्यावर पडतो. रबाळ्यात आमचा स्टोअरकीपर गाडी उभी असतानाच खोकी मोजतो आणि कमी निघाली तर चालकासमोरच चलनावर लिहितो. एवढी साधी गोष्ट मला १४ महिने दरमहा पैसे मोजूनही मिळाली नाही. तक्रार केली की करारातल्या ‘कामकाजाचे दोन दिवस’ या शब्दांकडे बोट दाखवले जाई, आणि ते शब्द खरोखर तिथे होते, मीच ते नीट वाचले नव्हते.

म्हणून निदान ज्यांच्या वस्तू पुष्कळ, ऑर्डरी लहान आणि गिऱ्हाइके ठाणे-बेलापूर पट्ट्यात आहेत, त्यांना मी गाळाच सुचवीन, मात्र बारकोड आणि मुदतीची नोंद यांची शिस्त भिवंडीकडून उचलून. आम्ही आता एक साधे स्कॅनर आणि रॅकवर क्रमांक लावले आहेत, आणि स्टोअरकीपर गावी गेला तरी काम चालते. स्वतःची गाडी मात्र घेतलेली नाही. टेम्पो भाड्याचेच ठेवले, कारण चालक, विमा आणि पासिंग यांच्या मागे लागण्याइतका माल रोज निघत नाही. ज्यांच्या वस्तू दहा-वीस, माल पॅलेटने येतो आणि पॅलेटनेच जातो, किंवा ज्यांची विक्री हंगामी आहे, त्यांना भिवंडी बहुधा अधिक परवडेल. त्यांनी फक्त आवकेची नोंद किती तासांत होणार आणि ती होईपर्यंत कमी-जास्तीची जबाबदारी कोणाची, हे दोन्ही करारात आकड्यांसह लिहून घ्यावे.

माझ्याकडे भिवंडीत अजूनही ४० पॅलेटची जागा आहे, ती हातमोज्यांच्या गठ्ठ्यांसाठी. ते पुणे आणि नाशिकला तिथूनच जातात. त्यांची आवक आजही दोन-तीन दिवसांनी नोंदली जाते, पण आठवड्याचा साठा नेहमी शिल्लक असल्यामुळे तिकडे कोणी फारसे पाहत नाही.