काचेची दोन घरं: जॉन्सन की मीस?

अमेरिकेत दोन नामवंत वास्तुविशारदांनी बांधलेली दोन घरं: फिलिप जॉन्सनचं न्यू कॅननमधलं ग्लास हाउस (1949) आणि मीस व्हान डेर रोहचं इलिनॉयमधलं फार्न्सवर्थ हाउस (1951). दोन्हीकडे चारही बाजूंनी काच. जॉन्सनचं घर काळपट पोलादाचं, थेट जमिनीवर टेकलेलं. विटांच्या गोल बुरुजात बाथरूम आणि शेकोटी. मीसचं पांढरं घर नदीकाठी, खांबांवर सुमारे 5 फूट उचललेलं. तरी पुराचं पाणी आत शिरलंच! पण तिथली ट्रॅव्हर्टीन या दगडाची फरशी आतून बाहेरच्या ओट्यापर्यंत सलग जाते. घर कुठे संपलं ते पायांना कळतच नाही. देखणेपणात मीसच सरस. राहायचं म्हटलं तर मात्र जॉन्सनचं: तो स्वतःच मालक, शिवाय आडोसा हवा तर आवारात विटांचं दुसरं घर. तिकडे मात्र घराच्या मालकीण डॉ. एडिथ फार्न्सवर्थ आणि मीस यांचं खर्चावरून प्रकरण थेट कोर्टात गेलं.