मेइको काजी: ‘सासोरी’चा संच आणि तिची गाणी, काही महिन्यांच्या सहवासानंतर

जपानी अभिनेत्री आणि गायिका मेइको काजीच्या ‘सासोरी’ (विंचू) या सूडपटांच्या मालिकेतले चारही चित्रपट असलेला ब्लू-रे संच घेऊन बरेच महिने झाले. पारायणं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

आधी व्यवहाराचं. भारत ब्लू-रेच्या सी विभागात येतो आणि माझा संच ए व बी विभागांसाठी आहे. त्यामुळे सगळ्या विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर असेल तरच घ्या. चित्रावर निळसर झाक आहे, पहिल्या भागात ती डोळ्यांना खुपते. आणि हे चित्रपट घरच्यांसोबत बसून बघायचे नाहीत. स्त्रियांवरचे अत्याचार त्यात फार उघडपणे दाखवलेत, काही दृश्यं मी आजही पुढे ढकलते.

तरीही पुन्हा पुन्हा लावते ते काजीसाठी. तिचा जन्म १९४७ चा, तोक्योचा. खरं नाव मासाको ओता. निक्कात्सू स्टुडिओत तिची सुरुवात झाली, पण १९७१ च्या अखेरीस तो स्टुडिओ कामुक चित्रपटांकडे वळला आणि ती बाहेर पडून तोएईकडे गेली. तिथे १९७२ मध्ये दिग्दर्शक शुन्या इतोने तिला ‘सासोरी’ची नायिका, तुरुंगातल्या मात्सुची भूमिका दिली. मूळ चित्रकथेतली मात्सु शिवराळ आहे. काजीला ती भाषा नको होती, म्हणून पडद्यावरची मात्सु जवळजवळ मुकी झाली. दुसऱ्या भागात तर तिच्या तोंडी बोटांवर मोजण्याइतकी वाक्यं आहेत. सगळा राग डोळ्यांत. समोरचा जेलर बडबडत राहतो आणि आपण मात्र तिची पापणी कधी हलते ते पाहत बसतो.

आणि मग गाणं येतं. ‘उरामी बुशी’चे शब्द खुद्द इतोचे, चाल शुन्सुके किकुचींची (हेच पुढे डोरेमॉनचे संगीतकार!). चित्रपटभर गप्प असलेली बाई इथे बोलते. फूल म्हणून कौतुक करायचं आणि फुललं की विस्कटून टाकायचं, असं पुरुषांबद्दलचं गाणं आहे. दुसरी एखादी गायिका इथे हुंदका काढेल. काजी खालच्या पट्टीत, सरळ, न थरथरता गाते. हा संयम मला पहिल्यापेक्षा दहाव्यांदा ऐकताना जास्त भिडला. टॅरंटिनोच्या ‘किल बिल’मुळे हे गाणं आणि तिचंच ‘शुरा नो हाना’ अनेकांच्या कानावर आहेत. पण दुसरं गाणं १९७३ च्या ‘शुरायुकिहिमे’मध्ये, छत्रीत तलवार लपवून निघालेल्या युकीसोबत ऐका. तिथे त्याचं वजनच वेगळं आहे.

चौथा भाग मला उतरता वाटतो. दिग्दर्शक बदलला आणि इतोची ती रंगमंचासारखी, भिंती फिरवणारी, प्रकाश बदलणारी कल्पकता गेली. नुसत्या काजीवर चित्रपट तरत नाही. दुसरा भाग मात्र एकट्याने संचाची किंमत वसूल करतो.

संच संपला की १९७८ चा, यासुझो मासुमुराचा ‘सोनेझाकी शिंजू’ मिळवून बघा. नाटककार चिकामात्सुच्या १७०३ च्या बाहुलीनाट्यावरचा हा चित्रपट. ओहात्सुच्या भूमिकेत काजी अखंड बोलते, जीव तोडून बोलते, आणि तरी डोळे तेच. त्या वर्षीचा ‘किनेमा जुम्पो’ या जपानी चित्रपटविषयक नियतकालिकाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तिला याच भूमिकेसाठी मिळाला. सूडपटांची नायिका एवढीच तिची ओळख सांगणाऱ्यांना मी हल्ली हाच चित्रपट सुचवते.