पोलीस भरती अकॅडमी, सातारा : मैदानी तयारी उत्तम, लेखीची बाजू कमकुवत

माझी मुलगी जुलै 2023 पासून 16 महिने साताऱ्यातील या अकॅडमीत पोलीस शिपाई भरतीची तयारी करीत होती. मी स्वतः पोलीस दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे फी आणि वसतिगृहापेक्षा येथून कोणत्या तयारीची मुले खात्यात जातात याकडेच माझे अधिक लक्ष होते.

मैदानी तयारीबद्दल मला मनापासून चांगले लिहायचे आहे. मुलींच्या चाचणीत 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 असे 50 गुण असतात; मुलांना 800 ऐवजी 1600 मीटर धावावे लागते. येथील प्रशिक्षक माजी सैनिक आहेत आणि त्यांनी पहिले दोन महिने एकाही मुलीच्या धावण्याला घड्याळ लावले नाही. आठवड्यातून एकदा यवतेश्वर घाटाच्या चढावर सावकाश धाव आणि बाकी दिवस सपाट मैदान, असा क्रम होता. मुलीच्या नडग्या दुखू लागल्या तेव्हा त्यांनी 10 दिवस तिचे पळणे पूर्ण थांबवले; आधीच्या ठिकाणी याच दुखण्यावर फवारा मारून तिला पळवले जात होते. 4 किलोचा गोळा मानेशी नीट टेकवणे आणि फेकल्यावर पाय वर्तुळाबाहेर जाऊ न देणे, एवढ्यावरच त्यांनी तीन आठवडे घालवले, आणि प्रत्यक्ष चाचणीत तिचा एकही प्रयत्न बाद झाला नाही. त्या भरतीच्या मैदानी चाचण्या जून 2024 मध्ये, ऐन पावसाळ्यात सुरू झाल्या. येथे आदल्या पावसाळ्यात ओल्या मैदानावर सराव झालेला असल्याने आमची मुलगी त्या दिवशी गोंधळली नाही.

लेखी परीक्षेच्या बाबतीत मात्र निराशा झाली. 100 गुणांची ही परीक्षा 90 मिनिटांत सोडवायची असते आणि अंतिम यादी मैदानी व लेखी मिळून 150 गुणांवर लागते, म्हणजे मैदानावर कमावलेले गुण गणितात सहज हातचे जाऊ शकतात. वर्षभरात गणिताचे तीन शिक्षक बदलले. एका हॉलमध्ये शंभरावर मुले बसत आणि सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तीन-तीन आठवड्यांनी परत मिळत, तोपर्यंत आपण काय चुकलो हे मुलांना आठवतही नसे. मी संचालकांना भेटून हे सांगितल्यावर त्यांनी बॅचचे दोन भाग केले, परंतु तोपर्यंत लेखी परीक्षा तोंडावर आली होती. मुलगी दोन गुणांनी निवड यादीबाहेर राहिली आणि ते गुण गणितातच गेले.

मेसचे जेवण साधे आणि स्वच्छ असते. वसतिगृहाची खोली चार जणींना अपुरी पडते.

फीबद्दल पालकांनी सावध राहावे. ‘निवड होईपर्यंत मार्गदर्शन’ असा फलक दारात आहे, पण त्यात वसतिगृह आणि मेस धरलेले नाहीत, हे आम्हाला प्रवेशानंतर समजले. भरतीची जाहिरात मार्च 2024 मध्ये आली, म्हणजे आम्ही आठ महिने तिची नुसती वाट पाहत दरमहा खर्च करीत होतो. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 28 वर्षे असल्याने अशा वाट पाहण्यात काही मुलांची संधीच संपते, आणि हा दोष अकॅडमीचा नसला तरी प्रवेश देताना हे स्पष्ट सांगण्याची जबाबदारी तिचीच आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा अभिप्राय लिहायला घेतला तिच्याकडे येतो. 2024 च्या त्या भरतीत राज्यभरातील 17,471 पदांसाठी 17 लाखांहून अधिक अर्ज आले होते, तरीही पोलीस ठाण्यात माणूस कमी असतो, हे मी नोकरीभर पाहिले. रिकाम्या पदाची रात्रगस्त, समन्स बजावणी आणि न्यायालयात आरोपी नेण्याचे काम शेजारच्या माणसावर पडते; त्यात पालखी लोणंद-फलटणला आली किंवा मांढरदेवीची यात्रा भरली की ठाण्यात कामाला माणूसच उरत नाही. नवीन शिपायाची निवड झाली तरी प्रशिक्षण आणि पोलीस मुख्यालयातील ड्यूटी करून तो ठाण्यात पोहोचेपर्यंत जुन्यांपैकी काही जण निवृत्त झालेले असतात. शिवाय केवळ सरकारी नोकरी म्हणून आलेली काही मुले दोन-तीन वर्षांत दुसरी परीक्षा देऊन निघून जातात आणि ती जागा पुन्हा रिकामी होते. माझ्या शेवटच्या ठाण्यात हे दोनदा घडले. म्हणून अकॅडमीने मुलांना ही नोकरी कशी असते हे आधी सांगितले पाहिजे, असे मी प्रशिक्षकांना म्हणालो, आणि त्यांनी ते लगेच मान्य करून रविवारी निवृत्त पोलिसांशी बोलण्याचा तास सुरू केला.

मी दोन रविवारी बोललो. सलग ड्यूटी, रद्द होणारी रजा, घरच्या लग्नाला न पोहोचणे, काहीही लपवले नाही. एका मुलीने विचारले, ‘काका, दिवसभराच्या बंदोबस्तात महिलांच्या स्वच्छतागृहाची सोय असते का?’ महिलांना 30 टक्के जागा राखीव असलेल्या खात्याबद्दल हा प्रश्न कुणाला विचारावा लागू नये. पण पुष्कळदा आमच्या सहकारी महिलांना रस्त्याकडेच्या एखाद्या घरी विनंती करावी लागत असे, हेच खरे उत्तर मी दिले. पुढच्या आठवड्यात दोन मुलांनी प्रवेश रद्द केला. संचालकांनी त्यांची उरलेली फी परत केली आणि माझा तिसरा तासही ठरवला, ही गोष्ट मला या अकॅडमीबद्दल सर्वांत मोलाची वाटते. प्रश्न विचारणारी ती मुलगी मात्र बॅचमध्येच राहिली.

ऑगस्ट 2025 मध्ये मंत्रिमंडळाने 15,631 पदांच्या भरतीला मान्यता दिल्यावर आमच्या मुलीने पुन्हा तयारी सुरू केली. मैदानासाठी ती याच अकॅडमीत येते आणि गणितासाठी आम्ही राजवाड्याजवळ वेगळी शिकवणी लावली आहे.