टेकडी ग्रुप, व्हॉट्सॲप चॅलेंज की वजनाची भिशी? पाय दुखावलेल्यांनी कुठे जावं

मागच्या पंधरा दिवसांत तिघीजणींनी मला हाच प्रश्न विचारला, वजन कमी करायचंय, एकटीने होत नाही, कुठल्या ग्रुपला लागू? आणि तिघींचंही काही ना काही दुखतंय, एकीचा गुडघा, एकीची टाच, एकीची कंबर. प्रत्येकीला वेगळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसायची वेळ आली म्हणून एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, डाएटिशियन नाही, बँकेत नोकरी करते, पण गेल्या दोन वर्षांत टेकडी ग्रुप, व्हॉट्सॲपवरचं चॅलेंज आणि आमच्या सोसायटीतली वजनाची भिशी असे तिन्ही प्रकार करून झालेत, आणि मधे घोटा मुरगळून घरात बसणंही झालंय. ८६ ला सुरुवात केली, ७९ पर्यंत आले, पुन्हा ८१ च्या वर गेले, आज ७५ च्या आसपास आहे.

सगळे विचारतात कुठे जास्त किलो उतरतात. ते बाजूला ठेवा. ज्या महिन्यात तुमचा पाय चालणार नाही त्या महिन्यात हा ग्रुप तुमचं काय करणार, ते आधी बघा. चाळिशीनंतर वजन उतरवायला निघालेल्या माणसाला असा एक तरी महिना येतोच, नाही आला तर नवल.

आधी टेकडी. मी कांचन गल्लीतून लॉ कॉलेजच्या टेकडीवर जाते, रविवारी वेळ असला तर पुढे वेताळ टेकडीच्या खाणीपर्यंत. सकाळी पावणेसहाला पायथ्याशी आठ-नऊ जण जमतात, निम्मे रिटायर्ड काका, दोन आयटीतली पोरं, बाकी आम्ही बायका. या ग्रुपची ताकद अशी की वजनाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. फक्त एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी सगळे मिळून विचारतात, "काय हो, काल कुठे होतात?" आणि पुण्यात हा प्रश्न ज्या सुरात विचारतात तो ऐकण्यापेक्षा पावणेसहाला उठलेलं परवडतं. पहिल्या पाच महिन्यांत सात किलो गेले त्यातले निम्मे तरी या एका प्रश्नाने घालवले. शिवाय सगळं फुकट, आणि मोर दिसतात.

तोटा उतरताना कळतो. चढताना नुसता दम लागतो, पण उतरताना मांडीचे स्नायू सारखे ब्रेक लावत असतात आणि भार येतो गुडघ्यावर, त्यात आपल्या टेकड्यांवरचा सुटा मुरूम, पायाखालून गोट्यांसारखा सरकतो. माझा डावा पाय असाच आत वळला आणि कट्कन वाजलं. मी जागीच बसले आणि दोन काकांमध्ये बूट काढायचा की ठेवायचा यावर वाद सुरू झाला, एक म्हणे काढलात तर सूज येईल, दुसरे म्हणे नाही काढलात तर कापावा लागेल, आणि काय कापावा लागेल, बूट की पाय, हे मला बराच वेळ कळेना. शेवटी ग्रुपमधल्या एक ताई, पूर्वी नर्स होत्या, त्या म्हणाल्या, "चार पावलं टाकून दाखव." चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबलं की कळ येत असेल तर घरगुती उपाय करत न बसता एक्स-रे काढायचा, डॉक्टरांचाही हाच ठोकताळा असतो. मला दोनच पावलं जमली. हाड शाबूत निघालं, लिगामेंट ताणलं होतं, तीन आठवडे टेकडी बंद.

पहिल्या आठवड्यात फोनवर फोन, एक काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. दुसऱ्या आठवड्यात दोन मेसेज. तिसऱ्यात नुसते सूर्योदयाचे फोटो. दोष कोणाचाच नाही, ग्रुपचं काम चढायचं, ज्याला चढता येत नाही त्याला तिथे करायला काही नाही. त्यांनी प्रेमाने एक प्रयत्न केलाही, सिंहगडचा बेत ठरला होता, ते आतकरवाडीतून चढणार होते, मला म्हणाले तुम्ही गाडीने वर या, वर भेटू. गेले की मी! ते दीड तासाने घामाघूम होऊन पोचले तोवर मी पायाला क्रेप बँडेज गुंडाळून एका मावशींकडे दोन प्लेट कांदाभजी आणि मडक्यातलं दही संपवून बसले होते, आणि मग ते आल्यावर त्यांना सोबत म्हणून पिठलं-भाकरी.

तीन आठवड्यांनी काटा ८१.५. आधी रडले, मग बँकवाली असल्यामुळे हिशोब मांडला. माझ्या वजनाला टेकडीची एक फेरी म्हणजे धरा ३०० कॅलरी. आठवड्याला पाच फेऱ्या, तीन आठवड्यांत १५ बुडाल्या, झाल्या ४५०० कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. म्हणजे टेकडी बंद झाल्यामुळे सहाशे ग्रॅमसुद्धा वाढायला नको होते आणि वाढले अडीच किलो. त्यात थोडं मिठाने धरलेलं पाणी असेल, पण बाकी सगळं भेटायला येणाऱ्यांनी आणलेलं फरसाण, बाकरवडी आणि माझं दुपारचं कंटाळून खाणं. पाय बंद असताना राखण लागत होती ताटाला, आणि टेकडी ग्रुप ताटात बघतच नाही, उलट खाली उतरलं की अमृततुल्यमध्ये चहा आणि क्रीमरोल ठरलेला.

म्हणून मग ताटात बघणारा ग्रुप शोधला, व्हॉट्सॲपवरचं ९० दिवसांचं चॅलेंज. २१०० रुपये फी, सत्तरेक मेंबर, निम्मे तरी पुण्याबाहेरचे. रोज सकाळी काट्याचा फोटो, दोन्ही जेवणांच्या ताटांचे फोटो, रात्री पावलांचा स्क्रीनशॉट. ताटाच्या फोटोला मी आधी हसले होते पण तीच एक गोष्ट मी अजून सोडलेली नाही. मी जिला एक वाटी भात म्हणायचे ती वाटी फोटोत दुसऱ्यांच्या वाटीशेजारी बघितल्यावर कळलं की ती दोन माणसांची आहे. रात्री अकराला चिवड्याच्या डब्याकडे हात गेला तर "कोणी जागं आहे का" असं टाकायचं, पाचजणी जाग्या असतात. टेकडीवरचे काका तेव्हा घोरत असतात.

पण दुखणं असलेल्या माणसासाठी हा प्रकार मला घातक वाटला, जरा कडक लिहितेय पण लिहितेच. रोज रात्री पावलांची यादी लागायची, पहिले दहा आणि शेवटचे दहा. फिजिओने मला सपाट जागी पंधरा मिनिटं चालायला सांगितलेलं, मी कमला नेहरू पार्कात हळूहळू चकरा मारणार, माझी पावलं दोन हजार, मी रोज शेवटच्या दहात. अ‍ॅडमिनचं एकच पालुपद, बहाणे नकोत. ज्या १०,००० पावलांसाठी हा सगळा जीव काढतात तो आकडा मुळात १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, मानपो-केई, म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर. कुठल्या डॉक्टरने तुमचा पाय बघून दिलेला नाही. आमच्यातल्या एकीची टाच दुखायची, सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावलं टाकताना डोळ्यांत पाणी यायचं, ती दहा हजार पूर्ण करायला रात्री घरातल्या घरात अनवाणी फेऱ्या मारायची. महिन्याभरात तिचं चालणंच थांबलं आणि ती ग्रुप सोडून गेली तेव्हा कोणी का म्हणूनही विचारलं नाही. सत्तरातली एक कमी झाली, कळतं कुणाला?

रोजच्या काट्याचंही तेच. शरीरातलं पाणीच रोज किलो-दीड किलो मागेपुढे होतं, आदल्या दिवशी मिसळ खाल्ली की मिठाने दुसऱ्या दिवशी काटा वर, त्याला चरबी म्हणत नाहीत, पण ग्रुपवर लाल खूण मिळायची. आणि डाएटवरून वादावादी विचारू नका, अर्धा ग्रुप डॉ. जगन्नाथ दीक्षितवाला, दोनदाच जेवायचं आणि ५५ मिनिटांत उरकायचं, अर्धा ऋजुता दिवेकरवाला, दर दोन तासांनी थोडं थोडं, २०१८ च्या सुमाराला घरोघरी पेटलेलं ते प्रकरण इथे अजून धुमसतंय. साठाव्या दिवशी शेकचे डबे विकायला आले, मी बाहेर पडले. तेव्हा ७८ होते, म्हणजे उतरलं होतं, नाही असं नाही.

जिमच्या बॅचबद्दल दोनच वाक्यं, कारण मला ती सोबत वाटलीच नाही. प्रत्येकाच्या कानात हेडफोन, ट्रेनर बरा असेल तर दुखण्यासाठी उत्तम कारण तो वजन आणि हालचाल मोजून देतो, पण तो ट्रेनरचा गुण झाला, ग्रुपचा नाही.

आता भिशी. ही आम्हीच काढली, सोसायटीतल्या पाचजणी. दर गुरुवारी रात्री नऊला आळीपाळीने एकीच्या घरी, एक वही, टेलरची टेप आणि एकच काटा जो कापडी पिशवीतून जिने चढतो-उतरतो. काटा एकच का, तर प्रत्येकीच्या घरचा वेगळं बोलतो. तरी भानगड झालीच, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या हॉलमधली एक फरशी खचलीये, तिच्यावर काटा ठेवला की चारशे ग्रॅम कमी दाखवतो, हे कळल्यापासून त्यांच्या घरच्या गुरुवारी सगळ्या वेळेवर! मग ती फरशी वर्ज्य केली, खडूने फुली मारून. कंबरही मोजतो, कारण काटा हटून बसला तरी टेप हलते, आणि बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषांची ९० च्या वर गेली की आपल्याकडे धोक्यात धरतात.

पैशाचा नियम मात्र आम्ही फार विचार करून केला. दर गुरुवारी शंभर-शंभर, महिन्याचे दोन हजार जमतात, महिनाअखेरीला चिठ्ठी निघते. चिठ्ठीत नाव कोणाचं, तर जी चारही गुरुवार आली तिचं. वजन वाढलं असलं तरी. टेकडी ग्रुपात पाय मोडला की तुम्ही आपोआप बाहेर, चॅलेंजमध्ये काटा वाढला की तोंड लपवायचं, इथे वाईट आठवड्यातच यायचं कारण मिळतं.

यंदा पावसाळ्यात माझा उजवा गुडघा धरला तेव्हा या नियमाची परीक्षा झाली. जिने बंद. चारही गुरुवार भिशी माझ्याच घरी झाली, वही माझ्या हातात दिली, तू बसून लिही म्हणाल्या. आल्या की आधी किचनमध्ये शिरून माझे डबे उघडून बघायच्या, भावाने आणलेली बाकरवडी समोरच्या घरी रवाना झाली, मी बघतच राहिले. "अगं, पाय दुखतोय, तोंड नाही दुखत तुझं," असं ऐकवून वर त्या खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम माझ्याबरोबर स्वतःही करायच्या. त्या महिन्यात अर्धा किलो कमी झालं, एक दिवसही न चढता. आणि गुडघ्यासाठी अर्धा किलोसुद्धा लहान नसतो, एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोचा भार कमी होतो.

भिशीचे दोषही सांगते नाहीतर म्हणाल हिची स्वतःची आहे म्हणून. एक तर कोणालाच काही कळत नाही, दुखण्यावर पाचजणींची पाच तेलं आणि एकीची हळद, त्यामुळे फिजिओ काय म्हणाला ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय आणि त्यावर चर्चा बंद. दुसरं, नुसता चहा ठरलेला असताना हळूच वाटली डाळ येते, मग पुढचीला कमीपणा नको म्हणून ढोकळा. आणि तिसरं खरं गंभीर, पाचही जणी एकदम घसरतात. गणपती ते दिवाळी वहीत सगळ्यांचे आकडे वर गेलेत. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅममधल्या लोकांचा ३२ वर्षांचा डेटा तपासून २००७ साली एक अभ्यास आला होता, मित्र लठ्ठ झाला की आपणही लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते असं त्यात निघालं. आम्हाला ते वाटली डाळीने आधीच कळलं होतं.

तर तुमचं. टाच दुखतेय तिने पावलं मोजणाऱ्या कुठल्याही ग्रुपात सध्या जाऊ नये, चार माणसं गोळा करून भिशी काढावी, आणि कमरेइतकं पाणी असलेला तलाव जवळ असेल तर पाण्यात चालावं, तेवढ्या पाण्यात पायावर निम्माच भार येतो. गुडघावालीने भिशी आणि सपाट बाग, पर्वती नको, १०३ पायऱ्या चढवतील पण उतरताना त्याच रडवतील. कंबरवालीचं दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर, मग ग्रुप. ज्यांचं सध्या काहीच दुखत नाही आणि उठायचाच कंटाळा आहे त्यांनी खुशाल टेकडी धरा, त्याहून चांगलं काही नाही, उतरताना काठी ठेवा. चॅलेंज घ्यायचंच असेल तर ताटाच्या फोटोंसाठी घ्या, पावलांच्या यादीतून नाव काढायला सांगा, नाही म्हणाले तर पैसे भरू नका. परत चालायला लागताना माझ्या फिजिओचा नियम, व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आधीइतकं खाली यायला हवं, नाही आलं तर कालचं जास्त झालं.

आणि कुठेही नाव घालण्यापूर्वी तिथल्या जुन्या माणसाला विचारा, मागच्या वर्षी तुमच्यातलं कोण पडलं होतं आणि ते आता कुठे आहेत? मी टेकडीवर परत गेले तेव्हा काकांना विचारलं. ते जरा थांबले, म्हणाले, "अहो, दोघं होते. आलेच नाहीत पुन्हा." आता हे काका सोमवारी खालच्या रस्त्यानेच फिरतात, ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी. मी सोमवारी त्यांच्यात असते. आज मात्र गुरुवार, काटा माझ्याकडे यायचाय आणि मी वाटली डाळ केलेली नाही, काकडी चिरून ठेवलीये, बघू कोण काय बोलतंय.